भुताचा तास

निपाणीत, अक्कोळ रोडला, तंबाखूच्या जुन्या वखारीमागं
आमची शाळा. दोन खोल्या, एक रॅम्प, नऊ मुलं.
भिंतींना अजून जर्दीचा वास आहे.
पाहुण्यांना शिंका येतात, आम्हाला नाही.

आज वेळापत्रकात मी लिहिलं: भूत.
स्पर्श, हस्तकला, भाषा,
तिन्ही तास एकाच भुतात बसवायचे.

परातीत शिजवलेल्या शेवया, गार, तेल लावलेल्या:
ही भुताची आतडी.
वाडग्यात भिजलेला साबुदाणा: डोळे, शेकड्यानं.
अभिनंदननं कोपरापर्यंत हात घातला
आणि काही केल्या बाहेर काढेना.
तबस्सुमनं एक बोट लावलं,
तेही ओढणीच्या टोकात गुंडाळून.
पण बोट. गेल्या महिन्यात तेवढंही नव्हतं.
शिवलीलानं आतडी खाल्ली
आणि मीठ मागितलं.

मग वटवाघळं.
आयांनी पिशवीभर कातरण पाठवलेलं,
विड्यांची पानं कापून उरलेलं,
कडा आधीच पंखासारख्या.
विडीचाच दोरा, डोळ्यांना मोहरी.
पंख्याच्या पात्यांना बांधली, पंखा एकवर ठेवला.
छताखाली वाळल्या पानांचं एक गाव
कुजबुजत फिरू लागलं.

भरमू तेवढा दाराशी.
त्याची आई सकाळीच सांगून गेली होती,
बोटं तंबाखूनं पिवळी, चप्पल न काढता, उभ्या उभ्या:
"बाई, ह्येला भूत नगो.
तीनदा धुरी दिली आमी. संकेश्वरी मिरचीची.
देवरशी म्हनला, धरलंय.
पोरगं खोकून खोकून निळं पडलं,
सोडलं न्हाई कुनी.
आता साळंतबी त्येच?"
मी म्हटलं, रत्नाक्का, आमचं भूत बिनधुराचं.
ती हसली नाही.

शेवटी चादर. पांढरी, दवाखान्यातून मागून आणलेली,
कोपऱ्यात शिक्का, मधे डोळ्यांची दोन भोकं.
फळ्यावर तीन शब्द: भूत, देव्वा, जिन,
ज्याच्या घरी जे येतं ते.
ओरडायचं मात्र सगळ्यांनी एकच: भॉ.
ओठ मिटा, हवा साठवा, सोडा.
शिवलीलाचं भॉ इतकं मोठं निघालं
की तीच घाबरली, आणि मग पुन्हा, पुन्हा.

भरमू कधी उठला मला दिसलं नाही.
चादर त्यानं स्वतः ओढून घेतली,
भोकं पाठीवर गेली,
आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.
सतत हलणारे हात थांबले.
मी घड्याळ पाहिलं: अकरा मिनिटं.
कुणी विचारलं नाही, कोण तू, कुठला,
काय घेऊन जाशील.
चादर फक्त श्वासानं
वर होत होती, खाली होत होती.

मग आतून आलं: "बा."

अहवालात लिहायचं आहे.
भॉ म्हणायचं होतं आणि हवा कमी पडली?
की कानडीतलं, ये?
शेजारची निंगव्वा त्याला तसंच बोलावते,
बा, बा, भाजल्या शेंगांची मूठ पुढं करून.
की नुसतं बा?
तो इचलकरंजीला मागावर गेला, त्याला चौथं वर्ष.
पैसे येतात म्हणे. कधी कधी.

रकाना एका ओळीचा आहे.
चादरीचं एक टोक
जमिनीपासून वीतभर उचललं गेलं.
मी पेन ठेवलं, चष्मा काढला
आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत आत शिरले.
आत ऊब होती, शेवयांचा वास होता,
आणि बघायला काहीच नव्हतं.

बाराला रिक्षा वाजली.
दारात चपला थांबल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही,
डोक्यावर पंखा फिरत राहिला.
मग रत्नाक्काचा आवाज, हळू:
"ह्यातलं माजं कंचं?"